आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. परीक्षेच्या वर्गात पाण्याच्या बाटलीखेरीज मुलांना काहीही नेऊ देऊ नये, खाऊचे डबे तर मुळीच नकोत, दोन-तीन तास पोटाला चिमटा घेतला तर काही बिघडत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. कॉपी थांबली पाहिजे यात माझं दुमत नाही. पण 'काही बिघडत नाही' हे शब्द वाचून मी तिथेच थांबले, कारण माझ्या घरी बिघडतं. काय बिघडतं आणि का, ते सांगायला हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, पण शक्य झाल्यास पूर्ण छापावं ही विनंती.

मी लालबागला राहते. सासूबाई आणि मी मिळून पोळी-भाजी केंद्र चालवतो. रोजच्या अडीचशे-तीनशे पोळ्या, दोन भाज्या, सणासुदीला पुरणपोळ्या. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत शिकतो, वजन चोवीस किलो. त्याला ग्लायकोजेन (म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर) साठवणुकीचा आजार आहे, त्यातला 'वन-ए' हा प्रकार. डॉक्टर मंडळी त्याला फॉन गिअर्केचा आजार असंही म्हणतात. लाखात एखाद्या बाळाला होतो. त्याला दर चार तासांनी कच्चं कॉर्नफ्लॉवर थंड पाण्यात कालवून प्यावं लागतं. सकाळी सव्वासात, सव्वाअकरा, दुपारी सव्वातीन, संध्याकाळी सव्वासात, रात्री सव्वाअकरा आणि पहाटे सव्वातीन. प्रत्येक वेळी चाळीस ग्रॅम, डिजिटल काट्यावर मोजून. हे माप डॉक्टरांनी ठरवून दिलेलं आहे आणि वजन वाढलं की बदलतं. याशिवाय वेळच्या वेळी जेवण. गेली कित्येक वर्षं यातली एकही वेळ आम्ही जाणूनबुजून चुकवलेली नाही.

सहामाही परीक्षेत एक वेळ चुकली. परिसर अभ्यासाचा पेपर होता. अकराला सुटायचा, म्हणून मी निर्धास्त होते. त्या दिवशी प्रश्नपत्रिका उशिरा आल्या आणि पेपर पाऊण तास उशिरा सुरू झाला. ज्यांना त्याचं सगळं ठाऊक आहे त्या वर्गशिक्षिका दुसऱ्या वर्गावर होत्या. पर्यवेक्षणाला आलेल्या बाईंनी नियमाप्रमाणे दप्तरं, डबे, बाटल्या बाहेर व्हरांड्यात ठेवायला लावल्या. त्यात त्याची पांढऱ्या पाण्याची बाटलीही गेली. सव्वाअकराला त्याचं मनगटी घड्याळ वाजलं. त्याने हात वर केला आणि सांगितलं, बाई, मला माझं औषध प्यायचंय. बाई म्हणाल्या, आधी पेपर पूर्ण कर, दूध नंतर पी. तो मोठ्यांचं ऐकणारा मुलगा आहे. बसून राहिला.

त्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मी शाळेकडून मागून घेतली. ती कपाटात त्याच्या रिपोर्टांच्या फाइलमध्ये आहे. पहिले तीन प्रश्न छान, गोल अक्षरात. चौथ्यात 'पर्जन्यमान' हा शब्द लागोपाठ दोनदा लिहिलाय. पाचव्यात अक्षर ओळ सोडून खाली घसरत गेलंय. सहाव्याचा नुसता आकडा घातलाय, आणि त्यापुढे पेनाची एक रेघ, पार कागदाच्या कडेपर्यंत.

फोन आला तेव्हा मी परातीशी होते. हाताची कणीक न धुता निघाले. तो बाकावर आडवा होता, सदरा घामाने चिंब, हात गार. मला ओळखत होता, पण 'आई' म्हणायला जीभ वळत नव्हती. मशीनवर साखर आली ४१. निरोगी माणसाची उपाशीपोटी ७० ते १०० च्या दरम्यान असते. गिळता येत होतं हे नशीब. साधी ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी ७८ झाली तेव्हा त्याने पहिलं वाक्य काढलं, "आई, सहावा प्रश्न मला येत होता." मग त्याचं माप दिलं आणि टॅक्सी करून रुग्णालयात नेलं. ती रात्र तिथेच काढली.

आता हे का झालं, ते सांगते. मी बारावीनंतर शिकले नाही. हे सगळं मला डॉक्टरांनी, आहारतज्ज्ञ बाईंनी आणि नऊ वर्षांच्या वाचनाने शिकवलं.

आपण पोळी खाल्ली काय किंवा भात, पोटात त्याचं शेवटी ग्लुकोज होतं. ते आतड्यातून रक्तात उतरतं आणि पहिल्यांदा यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये येतं. त्याच वेळी इन्सुलिन वाढतं. आलेला माल कोठीत भरा, असा त्याचा निरोप असतो. मग यकृत एका ग्लुकोजला दुसरं, दुसऱ्याला तिसरं जोडत जातं, आणि त्यातून ग्लायकोजेन तयार होतं. साखर आहे तशीच का ठेवत नाही, असं मी पहिल्या भेटीतच डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, तुम्ही साखरांबा करता ना? कैरीच्या किसाला साखर लावली की काय होतं? पाणी सुटतं. साखर पाणी ओढते. पेशीत एवढी सुटी साखर साठवली तर पेशी पाणी ओढून ओढून फुगेल. तीच साखर एका मोठ्या गुंफणीत बांधून ठेवली की ही ओढ पुष्कळ कमी होते. तरी पाणी थोडं बरोबर राहतंच, एका ग्रॅम ग्लायकोजेनमागे साधारण तीन ग्रॅम. पोळ्या बंद करून तीन दिवसांत दोन किलो उतरले म्हणून आनंदाने सांगायला येणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकांचं त्यातलं बरंचसं वजन हे पाणीच असतं.

ही गुंफण सरळ दोऱ्यासारखी नसते. दर आठ-बारा ग्लुकोजनंतर तिला फांदी फुटते, त्या फांदीला पुन्हा फांदी. मोठ्या कणात पन्नास हजारांपर्यंत ग्लुकोज असतात आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला मोकळी टोकंच टोकं. याचा फायदा मला लगेच कळला. मेथीच्या वीस जुड्या आल्या की आम्ही चौघीजणी चार बाजूंनी बसतो, म्हणून तासाचं काम पाव तासात होतं. तसंच, साखरेची गरज पडली की एन्झाइम, म्हणजे शरीरातली असली कामं करणारी प्रथिनं, एकाच वेळी शेकडो टोकांवरून ग्लुकोज खुडायला लागतात.

गरज पडते ती रोज, दर तासाला. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते ती चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आणि एकटा मेंदू तासाभरात जवळजवळ तेवढीच वापरतो, दिवसाला सुमारे १२० ग्रॅम. म्हणजे हा चमचा कुणीतरी सतत भरत राहावा लागतो. जेवण पचेपर्यंत तो जेवणातून भरतो. त्यानंतर यकृत भरतं. रक्तातली साखर उतरायला लागली की ग्लुकॅगॉन नावाचं संप्रेरक यकृताला निरोप देतं, आणि कोठी उघडते. मोठ्या माणसाच्या यकृतात साधारण शंभर ग्रॅम ग्लायकोजेन असतं. म्हणून आपण रात्री नऊला जेवून सकाळी आठपर्यंत निश्चिंत झोपू शकतो. आपण झोपलेलो असतो, यकृत जागं असतं.

स्नायूंमध्ये याहून कितीतरी जास्त असतं, चारशे ग्रॅमच्या आसपास. पण तो डबा ज्याचा त्याचा. दादरच्या पुलावरून लोकल पकडायला तुम्ही धावता तेव्हा मांडीचे स्नायू आपला साठा फोडून स्वतःपुरता जाळतात. मेंदू उपाशी असला तरी मांडी त्याला एक कणही देऊ शकत नाही. देणारं घर एकच, यकृत (थोडा हातभार मूत्रपिंडांचा).

यामागचं कारण अगदी बारीक आहे, आणि माझ्या मुलाचं सगळं आयुष्य त्या बारीक जागेवर अडलेलं आहे. ग्लायकोजेनमधून खुडलेलं ग्लुकोज मोकळं निघत नाही, त्याला फॉस्फेटचं शेपूट लागलेलं असतं. शेपूट असेपर्यंत ते पेशीच्या बाहेर पडू शकत नाही. ते शेपूट तोडणारा एक एन्झाइम यकृतात असतो, ग्लुकोज-सिक्स-फॉस्फटेज. स्नायूंमध्ये तो नसतो, म्हणून स्नायू कुणाला साखर देऊ शकत नाहीत. माझ्या मुलाच्या यकृतात तो काम करत नाही.

म्हणजे त्याचं यकृत साठवण करतं. खुडतंही. शेवटच्या पायरीवर माल अडतो. आपल्याकडे म्हणतात, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. माझ्या लेकराचं उलट आहे. आड काठोकाठ भरलेला आहे, पण पोहऱ्यात थेंब येत नाही. साठा आत जातो, बाहेर पडत नाही, म्हणून यकृत वाढत जातं. सहा महिन्यांचा असताना त्याचं पोट नगाऱ्यासारखं आणि गाल बाहुलीसारखे होते. येणारे-जाणारे म्हणायचे, बाळसं काय धरलंय! मी दृष्ट काढायचे. रात्री तो दूध प्यायला उठेनासा झाला तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं, बाळ शहाणं आहे, रात्रभर झोपतं. सातव्या महिन्यात एका पहाटे त्याला झटके आले. एका ठिकाणी ताप डोक्यात गेला म्हणून सांगितलं, ताप नसताना. दुसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टर मुलीने पोटावर हात ठेवला, बोटांनी यकृताची कड चाचपली, आणि तडक साखर तपासली. २२ होती. नळीत घेतलेलं त्याचं रक्त थोडा वेळ ठेवल्यावर वर दुधासारखा थर आला, तोही मी पाहिला. अडलेला माल चरबीकडे आणि लॅक्टिक आम्लाकडे (साखर अर्धवट फुटली की बनणारं आम्ल) वळतो, त्याची ती खूण होती.

आमच्या सासूबाई निर्जळी एकादशी करतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कामाला उभ्या राहतात. त्यांना काही होत नाही, कारण कोठीतलं संपत आलं तरी शरीराकडे दुसरी वाट असते. यकृत लॅक्टिक आम्लापासून, प्रथिनांच्या तुकड्यांपासून नवं ग्लुकोज घडवतं. पण ही दुसरी वाटसुद्धा त्याच शेवटच्या दारातून बाहेर पडते. तिथेही शेपूट तोडणारा तोच एन्झाइम लागतो. म्हणून या प्रकारात मुलाला कोठीतलंही मिळत नाही आणि नव्याने घडवलेलंही नाही. जे आहे ते फक्त पोटातून येणारं. पोट रिकामं झालं की चमचा रिकामा.

त्या गृहस्थांनी उपाशी राहण्याबद्दल लिहिलं ते स्वतःच्या शरीराच्या अनुभवावरून लिहिलं, हे मला कळतं. त्यांच्या शरीराला दोन वाटा आहेत. मला राग आलेला नाही. त्यांना हे माहीत नसणार, मलाही नव्हतं.

हे सगळं माणसाला कळलं कसं, हे वाचताना मी एक रात्र विसरून गेले होते, म्हणून थोडं सांगते. आमच्याकडे रविवारी कलेजी असते. ती धुताना माझ्या मनात नेहमी क्लोद बर्नार हा फ्रेंच शास्त्रज्ञ येतो. १८५५ साली त्याने एका कुत्र्याच्या ताज्या यकृतातून पाणी खेळवून खेळवून त्यातली सगळी साखर धुऊन काढली, अगदी तपासणीत अंशही मिळेना इतकी. मग ते यकृत तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा भरपूर साखर! म्हणजे साखर बाहेरून आली नव्हती, यकृतातच कशातून तरी तयार होत होती. १८५७ मध्ये त्याने तो पदार्थ वेगळा काढला आणि नाव दिलं ग्लायकोजेन, साखर उपजवणारं. कलेजीला किंचित गोडसर चव का असते, याचं उत्तर हेच.

१९२९ मध्ये जर्मनीत फॉन गिअर्के यांनी दोन दगावलेल्या मुलांची यकृतं तपासली, ती ग्लायकोजेनने गच्च भरलेली होती. भरलेल्या कोठीशेजारी मुलं गेली, पण दार कुठे अडलं हे तेव्हा कळलं नाही. ते शोधलं गर्टी कोरी आणि त्यांचे पती कार्ल यांनी, १९५२ मध्ये. गर्टीबाई मूळच्या प्रागच्या, पुढे अमेरिकेत गेल्या. ग्लायकोजेन कसं फुटतं आणि पुन्हा कसं जुळतं यावरच्या कामासाठी १९४७ चं नोबेल दोघांना मिळालं. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. त्याच सुमारास त्यांना अस्थिमज्जेचा असाध्य आजार असल्याचं निदान झालं होतं. पुढची दहा वर्षं, १९५७ मध्ये जाईपर्यंत, त्या काम करत राहिल्या, आणि माझ्या मुलाच्या आजाराचं मूळ त्याच वर्षांत सापडलं. मी त्यांचा फोटो इंटरनेटवरून काढून त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर लावलाय.

मूळ सापडलं तरी उपाय लगेच मिळाला नाही. पूर्वी या मुलांना रात्रभर नाकातल्या नळीतून थेंब थेंब ग्लुकोज द्यावं लागे. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की कच्चा मक्याचा स्टार्च दिला तर तो पोटात सावकाश फुटतो आणि तासन्‌तास थोडी थोडी साखर सोडत राहतो. प्रत्येक किराणा दुकानात मिळणारी वस्तू! मंच्युरियन घट्ट करायला वापरतात ती.

पण कच्चाच हवा, आणि या एका शब्दाची किंमत आम्ही मोजलेली आहे. तो चार वर्षांचा असताना मला हिवताप झाला होता. पहाटेचं माप सासूबाईंनी दिलं. जानेवारीतली थंडी, नातवाला गार पाणी कसं पाजायचं म्हणून त्यांनी मायेने ते गॅसवर ढवळून लापशीसारखं केलं. त्याने आवडीने प्यायलं. सकाळी सहाला तो हलवूनही उठेना. साखर ४६. कॉर्नफ्लॉवर शिजलं की त्याचे कण फुगून फुटतात, हे स्वयंपाक करणारी कुणीही बाई जाणते, रस्सा त्यानेच तर दाटतो. शिजलेलं पीठ पोटात झटकन पचतं, साखर एकदम चढते आणि तशीच उतरते. कच्चे कण घट्ट असतात, आतड्यातले रस त्यांना हळूहळू कुरतडतात, म्हणून चार तास पुरतात. त्या दिवसानंतर सासूबाई त्याच्या वेळांबाबत माझ्याहून कडक झाल्या. दुसरी एक चूक एका नातेवाईकाने केली होती. कॉर्नफ्लॉवर आणा म्हटलं तर मक्याचं पिवळं पीठ आणलं, भाकरीचं. ते वेगळं. पांढराशुभ्र, बोटांत दाबला तर करकरणारा स्टार्चच लागतो. पाकिटावर कॉर्नफ्लॉवर लिहिलेलं असतं आणि त्यामुळे घोळ होतो. नव्याने निदान झालेल्या घरांसाठी मुद्दाम लिहिते आहे.

गोडाचंही बंधन आहे. साखर, गूळ, फळं, दूध यांतली साखर यकृतात जाऊन त्याच बंद दाराशी अडते आणि लॅक्टिक आम्ल वाढवते. ती मोजूनमापूनच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गणेशोत्सवात जत्रा असते, दहा दिवस हवेत पेढ्याचा वास. चतुर्थीला सासूबाई उकडीचे मोदक करतात तेव्हा उरलेल्या उकडीत मीठ, जिरं, मिरची घालून त्याच्यासाठी निवगऱ्या थापतात. एक निवगरी गणपतीपुढे ठेवतात. त्याचा प्रसाद तो.

आता मूळ मुद्दा. परीक्षेनंतर शाळेने मला एक चिठ्ठी दिली, त्यात होतं की विद्यार्थ्याला शिस्तीची आणि वेळेची सवय लावावी. मी शाळेचं नाव लिहिणार नाही. तिथे त्याला जीव लावणाऱ्या शिक्षिका आहेत आणि त्याला पुढेही तिथेच शिकायचं आहे. पण एवढं सांगते, घड्याळ पाळावं तर या मुलाने. पहाटे सव्वातीनला न कुरकुरता उठून बसतो, डोळे मिटलेले ठेवून ग्लास रिकामा करतो आणि रिकामा ग्लास दाखवून पुन्हा झोपतो. आम्ही एकदा जुलैत कुर्ला आणि शीवच्या मध्ये लोकलमध्ये तीन तास अडकलो, डब्यात बायकांनी बिस्किटं, चिक्की, केळी पुढे केली. त्याने सगळ्यांना हात जोडून नको म्हटलं आणि माझ्या पिशवीतली पुडी काढून आपल्या हाताने बाटलीत कालवली. (माझ्या पिशवीत दोन मापं जास्तीची असतात. पाऊस असला तर चार.)

सीबीएसईने २०१७ मध्ये टाइप वन मधुमेहाच्या मुलांना (इन्सुलिन टोचून घ्यावं लागणारी ही मुलं, त्यांचीही साखर एकाएकी उतरू शकते) दहावी-बारावीच्या परीक्षेत खाण्याचे पदार्थ बरोबर नेण्याची मुभा दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने अशा मुलांच्या शाळेतल्या सोयींबद्दल राज्यांना पत्र लिहिलं. फार चांगलं झालं. पण माझ्या मुलाचा आजार त्या शब्दांत बसत नाही. अपंगत्व हक्क कायद्याच्या २०१६ च्या यादीत एकवीस प्रकार आहेत, त्यातही तो नाही. आणि दर वेळी नियम वाचणारी व्यक्ती यादीत नाव शोधते, मुलाकडे बघत नाही.

हा प्रश्न दुर्मीळ आजाराचाच आहे असंही समजू नये. बिहारमध्ये मुजफ्फरपूरला लिचीच्या हंगामात लहान मुलं पहाटे झटके येऊन दगावत होती. त्याचा २०१४ मध्ये केलेला तपास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लिचीतली विषारी द्रव्यं शरीराची नवी साखर घडवण्याची वाट अडवतात, आणि ज्या मुलांनी दिवसभर बागेत लिच्या खाऊन रात्रीचं जेवण केलं नव्हतं त्यांना धोका सर्वांत जास्त होता. कोठी रिकामी आणि दुसरी वाट बंद. ती मुलं माझ्या मुलासारखी जन्मतः आजारी नव्हती, ती न जेवता झोपली होती. आपल्या मुंबईतही चहा-बिस्किटावर शाळेत येणारी मुलं प्रत्येक वर्गात आहेत. आमच्या केंद्रावरून सकाळी साडेसहाला एकेक पोळी गुंडाळून घेऊन शाळेत पळणारी दोन मुलं मी रोज पाहते.

म्हणून शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की एक साधं परिपत्रक काढावं. त्यात आजारांची नावं नकोत. डॉक्टरांच्या लेखी पत्रानुसार ज्या मुलाला ठरावीक वेळी खाणं-पिणं किंवा साखर तपासणं गरजेचं आहे, त्याला ते वर्गात आणि परीक्षेत, आपल्या जागेवर, न विचारता करता यावं. बाटली हवी तर पर्यवेक्षकांनी तपासावी, हुंगावी, चाखावी. मशीन उघडून बघावं. आणि अशा मुलाचं नाव, वेळ आणि चिन्हं त्या दिवशी वर्गावर येणाऱ्या प्रत्येकाला दिसतील अशी टेबलावर असावीत, कारण त्या दिवशीच्या बाई वाईट नव्हत्या, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चिन्हं अशी: घाम, पांढुरका चेहरा, एकाएकी गप्प होणं किंवा चिडणं, बोलताना अडखळणं, अक्षर बिघडणं. मूल गिळू शकत असेल तर ताबडतोब ग्लुकोजचं पाणी. गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही न घालता सरळ रुग्णालय.

दुपारी तीन ते साडेचार आमचं केंद्र बंद असतं. कोणत्याही शाळेने, महापालिकेच्या किंवा खासगी, शिक्षकांसमोर बोलायला बोलावलं तर मी काटा, कॉर्नफ्लॉवरचं पाकीट, मशीन आणि ती उत्तरपत्रिका घेऊन येईन. वीस मिनिटं पुरतात. सव्वातीनचं माप सासूबाई देतील.

आपली,
एक आई, लालबाग, मुंबई
(मुलाच्या शाळेसाठी नाव छापू नये. ते आणि पत्ता वेगळ्या कागदावर सोबत दिला आहे.)